कोटाचं तिसरं बटण

"एक बटण चुकलंय तुमचं."

तिनं त्याला सांगितलेलं हे पहिलं वाक्य. तो दारात उभा होता, एका हातात गळणारी छत्री, दुसऱ्या हातात अर्ज. ती टेबलाशी बसली होती, भिंग कपाळावर सरकवलेलं आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेला.

"हो, तेच दाखवायला आलोय," तो म्हणाला. "म्हणजे... आजोबांच्या कोटाचं. तुम्हाला आधीच कुणी कळवलं का?"

"कोटाचं नाही. शर्टाचं म्हणतेय मी."

त्यानं खाली पाहिलं. पहाटेच्या अंधारात घातलेला शर्ट, एक काज सोडून बटणं लावलेली, कॉलरची एक बाजू वर आणि एक खाली. अशा अवतारात तो चार तास बसमध्ये बसून आला होता आणि एकाही सहप्रवाशाला त्याची दया आली नव्हती. तो कानापर्यंत लाल झाला. भिंतीकडे तोंड करून त्यानं सगळी बटणं काढून पुन्हा लावली. तोवर तिनं भिंग डोळ्यावर ओढलं आणि खाली मान घालून ती कामात गढून गेली. भिंगाखाली काहीच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ती जुन्या दस्तऐवजांच्या कचेरीत कापडाचं काम बघायची. कुणाचे जुने गणवेश, कसर लागलेले झेंडे, कोर्टाच्या पेट्यांतले कपडे... कचेरीच्या मागच्या खोलीत, उत्तरेकडच्या मोठ्या खिडकीशी तिचं टेबल. आई शिवणकाम करायची. त्यामुळे ही मशीनच्या पायाशी चिंध्यांशी खेळत वाढली. कापड बोलतं, असं आई म्हणायची. हिला ते अक्षरशः खरं वाटायचं.

त्याचं काम थोडक्यात असं होतं. पंच्याहत्तर वर्षांपूर्वी एका छापखान्याच्या मालकाचा खून झाला. डोक्यात घाव घातलेला, आणि मुठीत एक काळं, चार भोकांचं बटण. त्याच आठवड्यात मालकाचं एका घड्याळजीशी भांडण झालं होतं. पोलीस घड्याळजीच्या घरी गेले. खुंटीवर काळा कोट, पाच बटणांचा. त्यातलं तिसरं बटण गायब.

"झालं," तो म्हणाला. "बटणाला बटण जुळलं. पुरावा पुरेसा नाही म्हणून चार महिन्यांनी सोडलं त्यांना, पण सोडलं ते पोलिसांनी. गावानं नाही सोडलं. दुकान गेलं, गाव गेलं. घड्याळजी माझे आजोबा."

"आणि खरा खुनी?"

"कधीच सापडला नाही. तो आता सापडणारही नाही, मला माहितीये. मला फक्त कोटाचं विचारायचंय. म्हणजे मला नाही, आत्याला. आजोबांची मुलगी. तेव्हा सात वर्षांची होती, आता ब्याऐंशीची. ती म्हणते, मरायच्या आधी एकदा कुणीतरी शहाण्या माणसानं तो कोट नीट बघू दे."

"मी शहाणी आहे असं कुणी सांगितलं?"

"आत्ताच कळलं ना. दारात पाऊल ठेवायच्या आत माझं बटण पकडलंत."

ती हसली नाही. निदान त्याला दिसेल असं तरी नाही.

आता कचेरीचे नियम. कोर्टाची सीलबंद पेटी फक्त मंगळवारी उघडायची, आणि तीही अर्जदार समोर असतानाच. निष्कर्ष लिहून अहवाल दिला की पेटी पुन्हा सील, विषय बंद. दाराशी नोंदवहीकाका बसायचे. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं आणि उभ्या कचेरीवर नजर. त्यांच्या वहीत रकाने होते: आलेली वेळ, येण्याचं कारण, गेलेली वेळ. पहिल्या मंगळवारी त्यानं कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कोट'. दुसऱ्या मंगळवारीही 'कोट'. तिसऱ्या मंगळवारी काकांनी आत डोकावून वर्दी दिली, "बाई, तुमचा मंगळवार आला."

तेव्हापासून त्याचं नावच मंगळवार पडलं.

मंगळवार पेशानं चष्मेवाला होता. आजोबांनी घड्याळं सोडली, वडिलांनी चष्म्याचं दुकान टाकलं, ते आता हा चालवत होता. त्यामुळे तिच्या नाकावरून सतत घसरणारा चष्मा बघून त्याचा जीव वरखाली व्हायचा. पहिला मंगळवार त्यानं कसाबसा सोसला, दुसऱ्या मंगळवारी हातच पुढे केला.

"द्या इकडे. एवढ्या बारीक नजरेचं काम करता आणि चष्मा असा? डाव्या काडीचा स्क्रू निसटायला आलाय."

खिशातून बोटाएवढा पेचकस काढून त्यानं दोन मिनिटांत चष्मा ठीक केला. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा ढिला.

तो तिसरा मंगळवार होता, आणि त्याच दिवशी तिला सगळं कळलं.

मुठीतलं बटण एका काचेच्या कुपीत होतं. त्यात अडकलेल्या दोऱ्याची टोकं विस्कटलेली, एक लांब, एक आखूड. ओढाताणीत दोरा तुटतो तशी. मग तिनं कोटाची तिसरी जागा भिंगाखाली घेतली. तिथं कापडातून दोऱ्याची टोकं अजून उभी होती, आणि ती सगळी एका पातळीत, टोकाशी चपटी. म्हणजे तुटलेली नव्हती, कापलेली होती. एकाच दोऱ्याचं एक टोक तुटलेलं आणि दुसरं कापलेलं, असं होत नाही. मुठीतलं बटण या कोटाचं नव्हतंच. आजोबांच्या कोटाचं बटण कुणीतरी शांतपणे कात्रीनं कापून काढलं होतं.

तिनं मान वर केली. सांगायला तोंड उघडलं आणि चष्मा घसरून थेट टेबलावर पडला.

"थांबा, हलू नका," तो म्हणाला. त्यानं चष्मा उचलला, स्क्रू फिरवला, स्वतःच्या रुमालानं काचा पुसल्या. चष्म्याशिवाय तिला तो धूसर दिसत होता, खिडकीच्या उजेडात मिसळून गेलेला. मग तो टेबलाला वळसा घालून आला, वाकला आणि त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. काड्या नीट बसल्यात का हे बघायला त्याची बोटं तिच्या दोन्ही कानांमागून हलकेच फिरली. बोटं गार होती. पावसातून आलेली.

"आता दिसतंय?"

"दिसतंय," ती म्हणाली. एक वीत अंतरावर त्याचा चेहरा होता, डाव्या भुवईत एक जुना व्रण, आणि तो तिच्याकडे चष्मेवाल्यासारखा अजिबात बघत नव्हता.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात..."

सांगितलं की अहवाल. अहवाल दिला की पेटीला सील. आणि मग मंगळवार हा सोमवार-बुधवारच्या मधला नुसता एक वार उरणार.

"काही नाही," ती म्हणाली. "अजून अस्तर बघायचं राहिलंय."

मग अस्तर झालं. अस्तरानंतर खिसे. खिशांनंतर बाह्या, बाह्यांनंतर कॉलर. कोटाला एवढे अवयव असतात हे कोट शिवणाऱ्यालाही माहीत नसेल. तो समोर बसून तिनं सांगितलेली मापं लिहून घ्यायचा, आणि दर मंगळवारी न चुकता तिच्या चष्म्याचा स्क्रू आवळायचा. तो स्क्रू न चुकता पुढच्या मंगळवारपर्यंत ढिला व्हायचा.

"असा चष्मेवाला मी जन्मात पाहिला नाही," काका चहा घेऊन आत येत म्हणायचे. "गिऱ्हाईक परत यावं म्हणून करतोस की काय रे?"

"स्क्रूच जुना आहे, काका."

"आणि बाई, कोटाला खिसे तरी किती असतात हो?"

"काम बारकाईचं आहे, काका," ती भिंगात डोळा घालून म्हणायची. मांजराला वाटतं, डोळे मिटून दूध प्यालं की कुणाला दिसत नाही.

घरी आई बघत होतीच. "मंगळवारी कचेरीत काय असतं गं?" एकदा तिनं विचारलं. "कानातलं बदलून जातेस."

"कोट असतो," ती म्हणाली, आणि आईनं तोंडातली सुई काढून नुसतं "बरं" म्हटलं.

तो बोलायचा खूप, पण आत्याचा विषय निघाला की आवाज खाली यायचा. "आत्यानं विचारलंय, कोट काय म्हणतो?" सातव्या मंगळवारी त्यानं विचारलं.

"अजून... ठाम काही सांगता येत नाही."

"घाई नाही," तो म्हणाला. मग जरा थांबून, वहीकडे बघत, "खरं सांगू? मलाही नाही."

आपण करतोय ते वाईट आहे, हे तिला कळत होतं. एक म्हातारी बाई उत्तराची वाट बघतेय आणि ते उत्तर आपल्या टेबलाच्या खणात पडलंय. पुढच्या मंगळवारी नक्की सांगायचं, असं ती दर बुधवारी ठरवायची, आणि मंगळवारी तो ओली छत्री टेकवून समोर बसला की सगळा निश्चय विरघळून जायचा.

अकराव्या मंगळवारी तो आलाच नाही.

दहा वाजले, बारा वाजले. दाराशी कुणाची पावलं वाजली की ती भिंग कपाळावर सरकवायची. दुपारी काका आत आले, चहा न घेता. "फोन होता त्याचा. आत्या पडली म्हणे घरात. अंथरुणाला खिळलीये. म्हणाला, बाईंना सांगा, इतक्यात जमायचं नाही."

तिनं खण उघडला, टिपणं आणि कोरे कागद काढले आणि सलग तीन तास बसून अहवाल लिहिला. सगळं आधीच तयार होतं, फक्त लिहायचं होतं. दोरा कापलेला. कात्री लहान आणि बोथट, दोनदा दाबावी लागलेली. त्या जागेशेजारी लोकरीचे तीन-चार धागे अर्धवट कापले गेलेत, त्याचं कारण कळत नाही. कुपीतलं बटण या कोटाचं नाही. खाली सही.

"पोस्टानं पाठवू?" काकांनी विचारलं.

"नको. मी नेऊन देते."

काकांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, पण नोंदवहीत लिहिण्यासारखं ते काही बोलले नाहीत.

रविवारी चार तासांचा बसप्रवास करून ती त्याच्या दुकानाशी पोचली. खाली चष्मे, वर घर. तो तिला बघून उभाच राहिला, हातातली काच हातात. "तुम्ही? इथं?"

"अहवाल आणलाय. आत्यांना वाचून दाखवायचाय."

आत्या खिडकीशी पलंगावर उशांना टेकून बसली होती. मूठभर देह, पण डोळे लख्ख. "हीच का ती भिंगवाली? ये, अशी जवळ बस. मला कमी ऐकू येतं आणि हा मधलंमधलं गाळतो."

तिनं सावकाश, एकेक वाक्य वाचलं. 'मुठीतलं बटण या कोटाचं नाही' इथं पोचल्यावर तो मटकन खुर्चीत बसला. आत्या मात्र हलली नाही. जणू तिला हे ठाऊकच होतं.

"कात्रीचं काय म्हणालीस, ते पुन्हा वाच."

"लहान, बोथट कात्री. दोनदा दाबलेली."

"तीनदा," आत्या म्हणाली.

आत्यानं दोन बोटं कात्रीसारखी मिटवून दाखवली.

"पहिल्यांदा हात थरथरला. नुसतं कापडच चिमटीत आलं. मग दोरा, मग पुन्हा दोरा." तिनं उशीखालून एक पत्र्याची डबी काढली. आत चिंध्यांची एक बाहुली होती, रंग उडालेली. तिचा एक डोळा दोऱ्यानं काढलेला होता, आणि दुसऱ्या डोळ्याच्या जागी एक काळं, चार भोकांचं बटण. "हिला एकच डोळा होता गं. मला वाईट वाटायचं."

"आत्या..." तो म्हणाला.

"पोलीस आले. कोट उचलला, बटणं मोजायला लागले. मला वाटलं, मी बटण चोरलं म्हणूनच आलेत. मी पलंगाखाली जाऊन बसले. चार दिवस तोंड उघडलं नाही. मग आईला सांगितलं, तर ती म्हणाली, आता कोण विश्वास ठेवणार? म्हणतील पोरीला पढवलंय. आणि बाबांना..." आत्याचा आवाज पहिल्यांदा हलला. "बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. ते म्हणायचे, ते बटण कुठं पडलं देव जाणे. मी समोर बसलेली असायचे. म्हणून म्हटलं, कोटच बोलू दे आता. आपलं माणूस बोललं तर आपलंच म्हणून सोडून देतात."

ती ऐकत होती, आणि हातातला कागद तिला जड झाला होता. आता गप्प राहणं तिला शक्य नव्हतं.

"मला हे तिसऱ्याच मंगळवारी कळलं होतं," ती म्हणाली. "सात मंगळवार मी गप्प बसले. अस्तर आणि खिसे मोजत."

त्यानं मान वर केली. आत्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग भाच्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे.

"मी सात वर्षांची होते," आत्या म्हणाली. "तुझी काय सबब?"

तिनं मान खाली घातली. उत्तर खोलीत सगळ्यांना कळलं होतं, आणि ते मोठ्यानं बोलायची तिची हिंमत नव्हती.

तो तिला सोडायला बसस्टँडवर आला. बारीक पाऊस, एक छत्री, आणि दोघांमध्ये हातभर अंतर. दोघांचेही बाहेरचे खांदे भिजत होते.

"आत्या दर मंगळवारी संध्याकाळी दारात बसायची," तो म्हणाला. "विचारायची नाही काही. नुसती माझ्या तोंडाकडे बघायची."

"माफ करा," ती म्हणाली. "पेटी सील झाली की तुम्ही यायचे थांबाल, म्हणून मी..."

"ते कळलं मला." बस आली. "मला राग आलाय. खरंच आलाय."

"यायलाच हवा."

त्यानं तिची पिशवी वर दिली. हात हलवला नाही. ती खिडकीशी बसली, पण काचेवर पाणी होतं आणि चष्मा पुन्हा घसरत होता, त्यामुळे तो थांबला की गेला हे तिला शेवटपर्यंत दिसलं नाही.

पुढचा मंगळवार गेला. त्यापुढचाही गेला. बाहुलीच्या डोळ्याचं बटण अजून त्यांच्या घरीच होतं, ते कोटाशी जुळवून पेटीत जमा करायचं होतं. तेवढ्यासाठी तरी तो येईल, या आशेवर ती दिवस ढकलत होती. चष्म्याचा स्क्रू एक दिवस पडला तो पडलाच. तिनं दुसऱ्याकडे जाऊन बसवून घेतला नाही. मेण लावलेल्या दोऱ्यानं काडी बांधली आणि तशीच कामाला बसली. कानातलं मात्र बदलेनाशी झाली. आईनं ते बघितलं आणि जेवताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी पोस्टानं एक पाकीट आलं. पत्ता त्याच्या अक्षरात. आत कापसात गुंडाळलेलं बटण, आणि आत्याची मोठ्या, थरथरत्या अक्षरातली चिठ्ठी: 'आता भिंतीला धरून दारापर्यंत जाते. बाहुलीला दुसरा डोळा लावलाय. हा बाबांना परत देते. तुझ्यावर माझा राग नाही, पण पुन्हा असं करू नकोस.' त्याची एक ओळही नव्हती. तिनं पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

"आता अर्जदार लागत नाही, मंगळवारही लागत नाही," काका हळू आवाजात म्हणाले. "जमा करायला आपण दोघं पुरे."

दोघांनी मिळून पेटी उघडली. तिनं बटण तिसऱ्या जागेवर धरलं. बटणातल्या दोऱ्याची टोकं चपटी आणि एका पातळीत, कापडातल्या टोकांना बरोबर भिडणारी. पंच्याहत्तर वर्षांनी घड्याळजीचा कोट पुरा झाला. काकांनी लाख ओतली, तिनं शिक्का दाबला, आणि मग तिला खिडकीकडे तोंड करून जरा वेळ उभं राहावं लागलं. आनंद होता, पण सांगायचं ज्याला, त्यानंच तो पोस्टानं पाठवून दिला होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी दहा वाजता दाराशी काकांचा आवाज आला. "अरे, पेटी कालच सील झाली. बटण पोचलं तुझं."

"माहितीये. हिशोबानंच पाठवलं, सोमवारी पोचेल असं."

"मग कारण काय लिहू? हा रकाना मोकळा सोडता येत नाही."

आत ती उभी राहिली होती. खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली होती.

"बटण घेऊन आलो असतो," तो बाहेर काकांना सांगत होता, पण आवाज आत ऐकू जाईल एवढा मोठा, "तर बाईंना वाटलं असतं, बटणासाठीच आलो. आता तसं वाटायला जागा नाही. लिहा, बाईंना भेटायला."

काकांनी लिहिलं. रकाना लहान होता, अक्षरं शेजारच्या 'गेलेल्या वेळे'च्या रकान्यात घुसली. काकांनी ती तशीच राहू दिली.

तो आत आला आणि टेबलाशी थांबला. आज शर्टाची बटणं सगळी जागच्या जागी होती. त्याची नजर तिच्या चष्म्यावर गेली, काडीला गुंडाळलेल्या दोऱ्यावर.

"हे काय केलंस?" तो म्हणाला. 'तुम्ही' कुठं गळून पडलं ते त्यालाही कळलं नाही.

"स्क्रू पडला."

"पडणारच." त्यानं खिशातून पेचकस काढला, आणि एका कागदाच्या पुडीतून नवा स्क्रू. "दुसऱ्या मंगळवारपासून मी तो पूर्ण आवळतच नव्हतो. दोन वेढे मुद्दाम सोडायचो. पुढच्या वेळी तुझ्याजवळ यायला काहीतरी निमित्त हवं म्हणून. त्या दिवशी बसस्टँडवर एवढा राग राग केला, आणि घरी गेल्यावर आत्यानं मला पेचकस दाखवला. म्हणाली, तिचं पाप मोजतोस, तुझं कोण मोजणार? तिला सगळं माहीत होतं."

"सांगितलं कुणी तिला?"

"कुणी नाही. म्हणाली, ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी ओळखते." तो जरासा हसला. "वाईट वागलो आपण, दोघंही. मला ते विसरायचं नाही. पण त्याच्यासाठी तुला गमावायचंही नाही."

तिनं चष्मा काढून त्याच्या हातात दिला. तो पुन्हा धूसर झाला, उजेडात मिसळला. दोरा कापायला त्यानं तिची कात्री मागितली, नवा स्क्रू बसवला, आणि पेचकस फिरवू लागला.

"या वेळी पूर्ण आवळ," ती म्हणाली.

"आवळतोय."

त्यानं चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. डाव्या भुवईतला व्रण, ओले केस, सगळं पुन्हा स्पष्ट झालं. काड्या नीट बसल्या होत्या, तपासायला काहीच उरलं नव्हतं. तरी त्याची बोटं तिच्या कानांमागून निघाली नाहीत, आणि तिनंही त्यांना जा म्हटलं नाही.